मुलांच्या मनाचे दुखणे : पालकांची एक दुर्लक्षित अमानत

ह. अनस बिन मालिक (रजि.) यांना एक धाकटा भाऊ होता. त्यास सर्व जण अबू उमैर म्हणत. या लहानग्याने एक छोटासा पक्षी पाळला होता आणि तो त्याच्याशी खेळण्यात रमत असे. प्रेषित मुहम्मद (स.) या घरी नेहमी येत. एके दिवशी ते आले तेव्हा मुलगा खिन्न बसलेला त्यांना दिसला. याला काय झाले आहे, असे त्यांनी घरच्यांना विचारले. त्याचा पक्षी मेला, असे उत्तर मिळाले. तेव्हा मोठ्या माणसाला सन्मानाने हाक मारावी तशी त्यांनी त्या बालकाला 'अबू उमैर' म्हणून हाक मारली आणि त्या पक्ष्याविषयी विचारपूस केली. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुलाच्या खिन्नतेचा उल्लेख अबू दाऊद यांच्या संग्रहात येतो.

शाफई फकीह इब्नुल कास यांनी या एका छोट्या हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहून तीतून साठ बोध काढून दाखवले. प्रस्तुत लेखापुरत्या आपण तीन गोष्टी ध्यानात घेऊ. प्रेषितांनी (स.) मुलाचा उतरलेला चेहरा पाहिला. त्यांनी त्याचे कारण विचारले. आणि कारण कळल्यावर, एका पक्ष्यासाठी एवढे काय, असे न म्हणता त्या मुलाशी त्याच्याच दुःखाविषयी ते बोलले. पाहणे, विचारणे आणि दुःखाची दखल घेणे, या तीन पायऱ्या ही प्रेषितांची सुन्नत आहे. मदीनेचा सर्व कारभार ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांना एका बालकाच्या मनासाठी वेळ होता.

वाचकहो, आता आपल्या घरांकडे पाहू या. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील वडील सकाळची लोकल पकडून कामाला जातात आणि इशाच्या सुमारास थकून परततात. मुलाची सकाळ शाळेत, दुपार शिकवणीत आणि संध्याकाळ मकतबात जाते. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात, एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतकी जवळ, तरीही मुलाच्या मनात काय चालले आहे याचा पत्ता महिनोन्महिने लागत नाही. अंगात ताप आला तर आपण रात्रीच्या रात्री दवाखाना गाठतो. मन आजारी पडले तर मात्र प्रथम रागावतो, मग मारतो, मग तावीज शोधतो, आणि सगळे करून थकल्यावर कोणी सुचवलेच तर डॉक्टरांकडे जातो. तोवर वर्ष-दोन वर्षे निघून गेलेली असतात.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. म्हणजे महानगरातील साठ किशोरवयीन मुलांमागे सरासरी आठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार एकूण मानसिक विकारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. ही मुले कोठे दूर राहत नाहीत. ती आपल्याच मकतबाच्या सतरंजीवर आणि आपल्याच दस्तरख्वानावर बसलेली आहेत.

प्रेषितांनी (स.) प्रत्येक माणसाला राखणदार म्हटले आहे आणि ज्यांची राखण त्याच्याकडे सोपवली आहे त्यांच्याविषयी त्यास विचारले जाईल, असे बजावले आहे. मूल ही अमानत आहे, आणि अमानतीत मुलाच्या देहासोबत त्याचे मनही येते.

मुलाचे दुखणे वागण्यातून दिसते

मोठा माणूस 'मला उदास वाटते, भीती वाटते' असे सांगू शकतो. आठ वर्षांच्या मुलाजवळ त्यासाठी शब्दच नसतात. त्याचे पोट दुखते, आणि तेही शाळेच्या दिवशी सकाळीच. रविवारी दुखत नाही. आपण त्याला बहाणा म्हणतो. वास्तविक भीतीने पोट खरोखरच दुखते. मुलांमधील उदासी अनेकदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने प्रकट होते, म्हणून आपण तिला उद्धटपणा समजून बसतो.

अगदी लहान वयात लक्ष ठेवण्याच्या खुणा निराळ्या आहेत. मूल एक वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा बोलू लागलेले शब्द गमावून बसते, तर त्याची तपासणी व्हावयास हवी. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे अब्बाही उशिरा बोलले होते' या घरगुती दिलाशांनी मौल्यवान काळ वाया जातो. स्वमग्नतेसारख्या स्थितीत मदत जितकी लवकर सुरू होईल तितका तिचा लाभ अधिक असतो.

शालेय वयात झोप आणि भूक यांतील बदल, शाळेत जाण्यास सततचा नकार, आवडत्या खेळातून मन उडणे, मित्रांपासून दूर राहणे, गुणांत अचानक घसरण, बंद झालेले अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू होणे, या गोष्टी लक्षात घ्याव्यात. किशोरवयात तासन्‌तास एकटे बसणे, 'माझा काही उपयोग नाही' अशी भाषा, रात्रभर जागरण आणि स्वतःला इजा करणे यांकडे विशेष लक्ष द्यावे. इथे मातांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या मुलींचे हात पूर्ण बाह्यांनी झाकलेले असतात, त्यामुळे मनगटावरील वा दंडावरील जखमा शाळेत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्या दिसल्या तर केवळ आईलाच दिसतील.

मात्र एखाद्या दिवसाची चिडचिड म्हणजे आजार नव्हे. परीक्षा, घर बदलणे, आजीचे निधन अशा प्रसंगी मूल खिन्न होणारच. त्यासाठी तीन कसोट्या वापरता येतील. पहिली काळाची : हा बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे का? दुसरी तीव्रतेची : प्रसंगाच्या मानाने त्याचा त्रास फारच मोठा आहे का? तिसरी अडथळ्याची : त्यामुळे त्याचे शिकणे, खेळणे, झोपणे वा माणसांत मिसळणे अडले आहे का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येत असतील तर मुलाला सल्ल्याची गरज आहे असे समजावे. आणि मूल मरणाविषयी बोलत असेल वा स्वतःला इजा करत असेल, तर दोन आठवड्यांची वाटही पाहू नये.

मकतबात दिसणाऱ्या दोन खुणा

मकतबात शिकवणाऱ्यास काही गोष्टी आईवडिलांआधी दिसू शकतात. त्यांपैकी दोन येथे विस्ताराने मांडतो, कारण या दोन्ही प्रकारांत मूल निर्दोष असून शिक्षेस पात्र ठरते किंवा आजारी असून नेक ठरते.

पहिला प्रकार वाचता न येणाऱ्या मुलाचा. आपल्या उपनगरांतील मूल एकाच वेळी तीन-तीन लिप्या शिकत असते : शाळेत इंग्रजी, सोबत मराठी-हिंदी, आणि मकतबात अरबी. एखादा मुलगा बोलण्यात हुशार असतो, ऐकून सूरह पटकन पाठ करतो, हिशेबाचे तोंडी उत्तर देतो. पण कायदा समोर ठेवला की बे, ते आणि से यांतील नुक्त्यांचा गोंधळ करतो. शाळेच्या वहीतही त्याची अक्षरे उलटी-सुलटी पडतात. शिक्षक त्याला आळशी म्हणतात, उस्ताद कान धरतात, आणि दोन्हीकडे मार खाऊन ते मूल स्वतःला मूर्ख समजू लागते. हा आळस नसून अध्ययन अक्षमता असू शकते. यात बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात अडचण असते.

अशा मुलांसाठी दीनमध्ये केवढा दिलासा आहे पाहा. ह. आयेशा (रजि.) यांनी कथन केलेल्या, बुखारी व मुस्लिम यांनी नोंदलेल्या हदीसचा आशय असा की, जो कुरआन अडखळत, कष्टाने वाचतो, त्याला दुहेरी मोबदला आहे. प्रेषितांनी (स.) ज्याला दुप्पट सवाबाची खुशखबर दिली, त्याला आपण छडी देतो. आणि दुनियेतही त्याच्यासाठी मार्ग खुला आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणे अशा सवलती दिल्या आहेत. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय या महानगरपालिकेच्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. ही तपासणी साधारणतः आठ वर्षांच्या वयानंतर, तिसरीच्या सुमारास करतात. दहावीच्या परीक्षेला तीन महिने उरले असता धावपळ करण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार अधिक नाजूक आहे, कारण तो परहेजगारीचा वेष घेऊन येतो. दहा-बारा वर्षांचे मूल वुजू करण्यास बसते आणि अर्धा तास उठत नाही. हात धुतले की नाही, पाणी कोपरापर्यंत पोहोचले की नाही, कपड्यावर शिंतोडा तर उडाला नाही, अशा शंकांनी पुन्हा पुन्हा धुते. नमाजची नियत चार-चार वेळा बांधते. हातांची कातडी सोलवटून जाते. घरचे कौतुक करतात की आमचे मूल पाकीच्या बाबतीत किती दक्ष! प्रत्यक्षात ते मूल आतून छळले जात असते. विद्वान ज्याला वसवसा म्हणत आले, त्याच्या या तीव्र रूपाला आजचे वैद्यकशास्त्र मंत्रचळ अथवा ओसीडी म्हणते.

शरीअतचा नियम येथे स्पष्ट आहे : खात्रीची गोष्ट शंकेने नाहीशी होत नाही. नमाजमध्ये वुजू तुटल्याची केवळ शंका आली तर आवाज वा गंधाची खात्री असल्याशिवाय नमाज सोडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हा नियम मुलाला एकदा शांतपणे समजावून द्यावा. परंतु पुढचा मुद्दा पालकांनी व उस्तादांनी नीट ध्यानात घ्यावा. मूल दिवसातून वीस वेळा 'माझा वुजू झाला ना?' असे विचारते आणि आपण वीस वेळा 'हो, झाला' असे सांगतो, तेव्हा त्याला क्षणभर बरे वाटते; पण शंकेची सवय त्यामुळे अधिक घट्ट होते. पुन्हा पुन्हा मसला विचारून मिळवलेला दिलासा हाच आजाराचा आहार बनतो. यावर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ जी पद्धत वापरतात, तीत मुलाला हळूहळू, पायरीपायरीने, शंका येऊ देऊन पुन्हा न धुता राहण्याचा सराव दिला जातो. गरज भासल्यास औषधाचीही जोड दिली जाते. यात शरीअत आणि उपचार एकाच दिशेला चालतात. इमामाने मुलाला त्याच्या वुजूविषयी एकच ठाम उत्तर द्यावे, त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा घेऊ नये, आणि मुलास तज्ज्ञाकडे सोपवावे.

हे ज्ञान आपल्या परंपरेला परके नाही. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले अबू जैद अल-बल्खी यांनी देह आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ रचला. मनाच्या भागात त्यांनी राग, भय, शोक आणि मनाला सतत सतावणारे विचार यांचा वेगवेगळा विचार केला आहे. कैरोमध्ये १२८४ मध्ये सुलतान कलाऊन यांनी उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांचीही व्यवस्था होती. मनाला आजार होतो आणि त्यावर उपचार असतो, ही गोष्ट मुस्लिम समाजाला हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की उदासी ही ईमानाची कमतरता आहे. मुलाने नमाज आणि तिलावत वाढवली की सर्व ठीक होईल. जिक्र आणि दुआ यांनी मनाला शांती लाभते यात शंका नाही. पण आजारी व्यक्तीवर ईमानाच्या कमतरतेचा आरोप करणे ही कुरआनची रीत नाही. सूरह यूसुफमध्ये ह. याकूब (अलै.) पुत्रवियोगाच्या शोकाने दृष्टी गमावतात, तरीही त्यांच्या सबरला सुंदर म्हटले आहे. सूरह मरयममध्ये प्रसूतीच्या वेदनेत ह. मरयम (अलै.) आपण यापूर्वीच मेलो असतो तर बरे, असे उद्गारतात. त्यावर त्यांना धाक दिला जात नाही. दुःख करू नकोस असा दिलासा मिळतो आणि पाणी व खजूर यांकडे लक्ष वेधले जाते. प्रेषित (स.) स्वतः चिंता आणि शोक यांपासून अल्लाहचा आश्रय मागत. ह. आयेशा (रजि.) शोकाकुल घरातील माणसांसाठी जवाची खीर, तलबीना, करण्यास सांगत, कारण ती मनाला आराम देते असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते.

आणि उपचार करणे हे तवक्कुलच्या विरुद्धही नाही. आम्ही औषधोपचार करावेत काय, असे काही ग्रामीण अरबांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक आजारासाठी अल्लाहने उपाय ठेवला आहे, असे सांगितले. ह. सअद (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या छातीवर मायेने हात ठेवला आणि सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले, अशी नोंद अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मायेचा हातही दिला आणि जाणकाराचा पत्ताही दिला. पालकाचे कर्तव्य या दोन्हींनी मिळून पुरे होते.

दुसरा गैरसमज असरचा. मुंबईतील अनेक मशिदींच्या दाराशी मगरिबनंतर आया लहान मुलांना घेऊन, पाण्याची बाटली घेऊन दम करून घेण्यासाठी उभ्या असतात. सूरह फातिहा आणि कुरआनच्या आयतींनी दम करणे जायज आहे, ज्यात शिर्क नाही अशा रुकयाला प्रेषितांनी (स.) अनुमती दिली आहे. नजर लागणेही सत्य आहे. पण प्रत्येक झटका, प्रत्येक किंचाळी आणि प्रत्येक गप्प मूल यांवर जिन्नाचा शिक्का मारण्याचा अधिकार कोणास नाही. जो वैद्यक जाणत नसूनही इलाज करतो, त्याच्यावर झालेल्या हानीची जबाबदारी येते, असा आशय असलेली हदीस अबू दाऊद व नसाई यांच्या संग्रहांत आहे. मुलाला बांधणारा, मारणारा, मिरचीची धुरी देणारा आमिल या हदीसच्या कक्षेत येतो, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्याही.

या अज्ञानाची किंमत किती मोठी असते, हे तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी निवासात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तेथे आग लागली आणि बांधलेले असल्याने पळू न शकलेले २८ जण जळून मेले. याउलट गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे, मीरा दातार यांच्या दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम उभा राहिला. तेथील मुजावरच रुग्णाला दुआ देऊन परिसरातील मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. आपल्या मशिदींसाठी हा दुसरा मार्ग अनुकरणीय आहे.

तिसरा गैरसमज बदनामीचा. 'लोक वेडा म्हणतील', 'मुलीचे लग्न कसे होईल' ही भीती खोटी नाही. आपल्या वस्त्यांत बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागत नाही. परंतु समुपदेशनाच्या बहुतांश प्रकरणांत दाखल होण्याची गरज नसते. आठवड्यातून एखादी भेट असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागणूक देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. उपचार न झालेला आजार मात्र लपत नाही. जी गोष्ट दहाव्या वर्षी काही महिन्यांच्या समुपदेशनाने सावरली असती, ती पंचविसाव्या वर्षी संसार मोडते.

बदनामीच्या याच भीतीपोटी एक अतिशय गंभीर गोष्टही दडपली जाते. एखादे मूल अचानक एखाद्या नातेवाइकाला, शेजाऱ्याला, शिकवणीच्या वा मकतबाच्या शिक्षकाला घाबरू लागते, तेथे जाण्यास नकार देते, अंथरूण ओले करू लागते. त्याला मारून पाठवू नये. त्याच्याजवळ बसून विचारावे. लैंगिक अत्याचाराची शक्यता मनात ठेवावी. मूल काही सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, मग आरोपी कितीही आदरणीय असो. इज्जतीच्या नावाखाली जुलमीला पाठीशी घालणे हा मुलावरील दुसरा जुलूम आहे.

कोणाकडे जावे?

ह. जाबिर (रजि.) यांनी कथन केलेली एक घटना अबू दाऊद यांनी नोंदली आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली होती. त्याला गुस्लची गरज पडली. सोबत्यांनी पुरते न जाणता त्याला सवलत नसल्याचे सांगितले. त्याने गुस्ल केले आणि तो दगावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते फार संतापले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर विचारणे हाच उपाय आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मुलाच्या मनाविषयी सल्ला देणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबाने, शेजाऱ्याने आणि आम्हा इमामांनी ही हदीस डोळ्यांसमोर ठेवावी.

या क्षेत्रातील जाणकार कोण, हे समजून घेऊ. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधारक डॉक्टर असतात. तेच औषधे लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादाधारित उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारून घेण्यात संकोच करू नये. लहान मुले बोलत नाहीत म्हणून त्यांच्याशी खेळातून उपचार साधला जातो. उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी वाचोपचारतज्ज्ञ, तर अध्ययन अक्षमतेसाठी विशेष शिक्षक असतात. प्रत्येक मुलाला गोळ्या दिल्याच जातात, ही समजूत चुकीची आहे. सौम्य उदासी व भीतीमध्ये संवादाधारित उपचारच आधी केले जातात.

खर्चाच्या धास्तीने थांबू नये. अंधेरी-बोरिवलीकरांना विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय आणि घाटकोपर-मुलुंडकरांना सायनचे रुग्णालय जवळ आहे. परळचे केईएम व मुंबई सेंट्रलचे नायर हीदेखील महानगरपालिकेची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. या सर्व ठिकाणी मनोविकार विभाग आहे आणि केस पेपर काढून अल्प खर्चात तपासणी होते. गर्दी असते, रांग असते, एका दिवसाचा रोज बुडतो; तरी जावे. सोबत मुलाच्या शाळेच्या वह्या व प्रगतिपुस्तक न्यावे. त्याचा जन्म कसा झाला, तो केव्हा चालू-बोलू लागला, बदल केव्हापासून दिसतो, घरात कोणाला असा त्रास होता का, हे प्रश्न विचारले जातील. त्यांची खरी उत्तरे द्यावीत. डॉक्टर मुलाशी एकांतात बोलू इच्छितील, ते बोलू द्यावे. आईप्रमाणे वडिलांनीही किमान पहिल्या भेटीला सुटी काढून जावे.

फोनवर सल्ला हवा असल्यास केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेलि-मानस सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती मोफत आहे आणि मराठी व हिंदीतही बोलता येते. संकटातील मुलासाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक मशिदीच्या सूचना फलकावर नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लिहिलेले असावेत.

औषध सुरू झाले असल्यास ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. रमजान येण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून सेहरी-इफ्तारच्या वेळांत मात्रा बसते का, हे विचारावे. बसत नसेल तर आजाऱ्याला रोजाची सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे.

तातडीची वेळ

मूल मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला 'हे हराम आहे, जहन्नममध्ये जाशील' हे पहिले वाक्य ऐकवू नका. आत्महत्या हराम आहे हे त्याला बहुधा ठाऊक असते, आणि म्हणूनच ते हे सांगताना थरथरत असते. जवळ घ्या. 'तुला स्वतःला काही करावेसे वाटते का?' असे सरळ विचारा. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट मनातले ओझे उतरण्यास वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. औषधे, फिनेल, उंदराचे विष, दोरी, धारदार वस्तू दूर करा, गच्चीचे दार बंद ठेवा, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घर, मकतब आणि मशीद

उपचार आठवड्यातून एक तास असतो. उरलेला सर्व काळ मूल आपल्याजवळ असते. दिवसातून पंधरा मिनिटे, मोबाइल बाजूला ठेवून, अभ्यास व नमाज यांची चौकशी न करता त्याच्याशी बोलावे. भावंडांशी तुलना करू नये. दहा वर्षांच्या मुलाला नमाजसाठी मारण्याच्या हदीसचा आधार काही पालक देतात. फकीहांनी त्यास इतक्या कडक अटी घातल्या आहेत की रागाच्या भरात आजारी मुलावर उगारलेला हात त्यात कदापि बसत नाही. ह. अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली आणि त्या काळात त्यांच्या तोंडून साधा 'उफ्' शब्दही ऐकला नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली. मकतबात तर ती आधीच नसावयास हवी होती.

मशिदींच्या विश्वस्तांनी वर्षातून एक-दोनदा पालकांसाठी तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे. इमामांनी जुम्याच्या खुतब्यात हा विषय घ्यावा. जे कुटुंब जकातीस पात्र आहे, त्याच्या हाती मुलाच्या उपचारासाठी जकात देता येते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपण ती देतोच. आणि दम करून घ्यायला आलेल्या आईला दम करून द्यावा, मग दोन प्रश्न विचारावेत : हे किती दिवसांपासून आहे? आणि डॉक्टरांना दाखवले का?

प्रेषित (स.) नमाज पढवीत असताना एखादे बाळ रडताना ऐकले तर त्याच्या आईच्या मनाची घालमेल जाणून नमाज आटोपती घेत. बंदगीच्या सर्वोच्च घडीतही त्यांचा कान मुलाच्या रडण्याकडे होता. आपल्या घरात एखादे मूल आवाज न करता रडत असेल, तर ते आपल्याला ऐकू यावे, एवढी जाग आपल्यात असली पाहिजे. आज रात्री मुले झोपण्यापूर्वी त्यांचे चेहरे एकदा नीट पाहा, आणि एखादा चेहरा उतरलेला दिसला तर त्याच्याजवळ बसून विचारा.

हे अल्लाह! आमच्या मुलांच्या देहाला व मनाला आरोग्य दे, त्यांचे दुःख ओळखण्याची नजर आणि ते ऐकून घेण्याचा सबर आम्हास दे, त्यांच्यासाठी योग्य उपचाराचे मार्ग सुलभ कर आणि ही अमानत सांभाळण्यात आम्हास यश दे. आमीन.